माती कुणाच्या खात्यावर

आग्रही : बांधावरचं एक ढेकूळ घे आणि तुझ्या सोयाबीनच्या रानातलं एक घे. दोन्ही चार दिवस उन्हात वाळव. मग काचेच्या दोन पेल्यांत पाणी भर आणि एकेक अलगद सोड. रानातलं ढेकूळ बुडबुडे सोडतं, त्याच्या कडा ढासळतात आणि चहाला उकळी फुटायच्या आत तळाशी नुसता चिखल उरतो. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ तसंच राहतं. त्यातून गवताची बारीक मुळं बाहेर आलेली दिसतात आणि पाणी जवळजवळ नितळ असतं. दोन्हींत अंतर चार पावलांचं. खडक तोच, पाऊस तोच, ऊन तेच. फरक एवढाच, की बांधाला वर्षानुवर्षं नांगर लागला नाही आणि तिथलं गवत मुळासकट कुणी उपटलं नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला, की तुझ्या रानात हेच घडतं, फक्त पेल्याऐवजी एकरावर. थेंब आदळतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, वर पापडी धरते. मग पाणी आत जायचं सोडून उताराला लागतं. आपण पारावर बसून म्हणतो, पाऊस राहिला नाही. बीडला वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या लिंबागणेशच्या शिवारात तो पडतो आणि निघून जातो.

साशंक : काका, ढेकळाचं पटलं. पण बांधावर गवत येतं, सोयाबीन येत नाही. मी नांगरतो ते हौसेनं नाही. तुमचंच कृषी खातं सांगतं, पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तेवढा पाऊस झाला, की हाती वाफशाचे चार-पाच दिवस. त्या दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो, आणि ट्रॅक्टरवाल्याला लांब तास हवं, वळणं कमी हवीत. आता माझ्या पट्टीचा आकार बघा. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा प्रत्येक भावाला वरची मुरमाड आणि खालची काळी, दोन्हींचा वाटा मिळावा म्हणून पट्ट्या उताराच्या दिशेनं उभ्या पाडल्या. वडील आणि चुलत्यांनी त्याच पट्ट्या पुन्हा उभ्याच चिरल्या. आज माझं रान लांबीला तीनशे पावलं आणि रुंदीला साठ. तुम्ही सांगता उताराला आडवी पेरणी कर. साठ पावलांवर ट्रॅक्टर वळवायला कोण तयार होईल, आणि झाला तर तासाचे पैसे किती लावील? भावाभावांत न्याय व्हावा म्हणून जे केलं, त्यानंच तास उभं करून ठेवलं. आता कुणाला दोष द्यायचा?

आग्रही : दोष कुणालाच देत नाही. मी नोकरीत असताना नकाशावर समतल रेषा मारायचो तेव्हा या उभ्या पट्ट्या मलाही आडव्या यायच्या. पण त्या उभ्या तासातून काय जातं, ते तुझ्याच मापात सांगतो. एका एकरावरून वर्षाला फक्त एक मिलिमीटर माती गेली असं धर. डोळ्यांना ते कळतही नाही. हिशेब केला तर ती चार घनमीटर भरते, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास. घराचा पाया भरायला दीड ब्रास मुरूम आणतोस तेव्हा ट्रॉलीवाल्याशी भाव करतोस. ही दीड ब्रास बिनभाड्याची जाते. आणि आधी जाते ती बारीक, सुपीक, खत धरून ठेवणारी माती; खडे मागे राहतात. पावसानंतर खाली वाकून बघितलंस तर चपट्या खड्यांखाली बोटभर उंचीचे मातीचे खांब उभे दिसतील. खड्यानं आपल्या खालची माती झाकली, भोवतालची गेली. तुझ्या बांधावरच्या बोरीची मुळं जमिनीच्या वर वीतभर उघडी पडली आहेत, ती काही बोरीनं स्वतः वर काढलेली नाहीत. गेवराई-माजलगावकडे गोदाकाठच्या गंगथडीला माती पुरुषभर खोल आहे, तिथं दोन इंच गेले तरी एक-दोन पिढ्या कळायचं नाही. आपण बालाघाटावर आहोत. इथं बहुतेक रानांत फूट-दीड फुटावर मुरूम लागतो. पन्नास वर्षांत दोन इंच गेले, तर फुटातला सहावा भाग गेला. बेसाल्टचा दगड झिजून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणून म्हणतो, इथला हिशेब गंगथडीपेक्षा वेगळा ठेवावा लागेल.

साशंक : गेलेली माती नाहीशी होत नाही ना? ती पाझर तलावात बसते. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आलं तेव्हा आम्ही हेच म्हटलं, की उतारानं नेलं ते ट्रॉलीनं परत आणू. गाळ फुकट, वाहतूक आपली. ज्यांनी मुरमावर गाळ टाकला त्यांचं पीक दोन पावसांमधला खंड काढून गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एकरावर एक इंच थर द्यायचा तर छत्तीस ब्रास गाळ लागतो. चार इंच म्हणजे एकशे पंचेचाळीस. एवढ्या खेपांचं डिझेल कोण घालू शकला? ज्याच्या घरी पगार आहे, दुकान आहे किंवा स्वतःचा ट्रॅक्टर आहे तो. आणि तो गाळ मूळचा कुणाचा? वरच्या अंगाला डोंगराच्या पोटाशी ज्यांची मुरमाड रानं आहेत, त्यांचा. म्हणजे वरच्या गरिबाची माती पावसानं तलावात आणली आणि तलावातून ती खालच्या ऐपतवाल्याच्या रानात गेली. गाव म्हणून हिशेब मांडला तर माती गावातच राहिली. घराघरांचा मांडला तर काय झालं, ते तुम्हीच सांगा.

आग्रही : हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि ते खरं आहे. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. गाळ उपसणं हा दुसरा उपाय, पहिला उपाय वरच्या रानातच माती थोपवणं. ही काही नवी अक्कल नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर खालच्या रानांत उतरतो आणि त्यावर पीक पोसतं, हे सांगितलंय. सरकारनं रिकाम्या शिपायांकडून तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, असं सुचवलंय. सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं काम १९३३ पासून सुरू झालं, त्यातही बांधबंदिस्ती हा पाया होता. आणि १९७२ च्या दुष्काळात आपल्याच माणसांनी घमेली वाहून ताली घातल्या. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, आईबरोबर कामावर होतो. त्या कामांतून पुढं रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला. जे बांध आज अर्धेमुर्धे दिसतात, ते त्या दोन-तीन वर्षांचे आहेत.

साशंक : अर्धेमुर्धे का, तेही सांगा ना. ते बांध समतल रेषेवर पडले, रानाच्या हद्दीवर नाही. एकाच्या पट्टीत मधूनच तिरका बांध गेला, दोन्ही अंगाला त्रिकोणी तुकडे पडले, कुळव फिरेना. काळ्या रानात बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळं पडलं. मग शेतकऱ्यानं पावसाच्या रात्री फावडं घेतलं आणि बांध फोडला. जे हद्दीवरचे बांध होते, त्यांना दोन्हीकडून नांगराचा फाळ लागत गेला. दरवर्षी चार बोटं हा घेतो, चार बोटं तो. मोजणी आणून खुणा रोवल्या तरी पुढच्या वर्षी त्या सरकतात. आज तालुक्याच्या कोर्टात बांध कोरण्यावरून किती भाऊ एकमेकांविरुद्ध उभे आहेत, विचारून या. रोजंदारीवर घातलेला बांध सरकारचा असतो. ज्याच्या रानात तो आहे, त्याला तो पाहुणा वाटतो.

आग्रही : काळ्या खोल मातीत समतल बांध टिकत नाहीत, हे पुढं सगळ्यांनीच मान्य केलं. तिथं रुंद सरी-वरंबा बरा, किंवा रब्बीआधी रानात सारे पाडून पाणी जागच्या जागी मुरवलेलं बरं. मी बांधाचा हट्ट धरत नाही. मी झाकणाचा हट्ट धरतो. मातीवर काहीतरी असू दे. थेंबाचा मार मातीवर पडण्याआधी काडीवर पडला, तर अर्धी लढाई तिथंच संपते.

साशंक : काडीकडे येऊ. त्याआधी तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेचं ऐका. ही योजना २०१५ साली आली, माझ्याही रानाचा नमुना गेला. पत्रिकेवर बारा रकाने आले. सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी, लोह कमी. खाली शिफारस, एकरी इतकं शेणखत टाका. शिफारस बरोबर असेल, पण ती वाचून मी हिशेबाला बसलो. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण नऊ लाख किलो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर नऊशे किलो कर्ब मातीत टिकायला हवा. वाळलेल्या काडीकचऱ्यात तो चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे सव्वादोन टन काडी, आणि तीही सगळीच्या सगळी मातीत राहिली तर. राहत नाही. आपल्या उन्हात तिचा मोठा भाग वर्षभरात हवेत जातो. म्हणजे त्याच्या कितीतरी पट काडी किंवा शेणखत दरवर्षी घालत राहायचं. कुठून? युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी दोनशे साडेसहासष्ट रुपयांना मिळते. शेणखताची ट्रॉली पैसे देऊनही वेळेवर मिळत नाही. दावणीला जनावर असेल तर शेण. दावण कुठं गेली, ते तुम्हाला माहीत आहे.

आग्रही : ट्रॅक्टरनं खाल्ली.

साशंक : अर्धी ट्रॅक्टरनं खाल्ली, अर्धी उसानं. दसरा झाला, की मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी बारामतीकडं, कुणी कर्नाटकात. येतात पाडव्याच्या सुमारास. जे डोकी सेंटरला, म्हणजे डोक्यावर मोळ्या वाहायला, जातात ते जनावरं विकून जातात, कारण म्हातारी एकटी त्यांचं चारा-पाणी करू शकत नाही. जे टायरगाडी घेऊन जातात ते बैल बरोबर नेतात. पाच महिने आमच्या बैलांचं शेण उसाच्या पट्ट्यात पडतं, कारखान्याच्या आवारात पडतं, कोपीच्या मागं थापून जाळलं जातं. आता तुमचं माती वाचवण्याचं पंचांग काढा. बांध दुरुस्त करायचे दिवाळीनंतर, ओल थोडी असताना. धसकटं, तुरकाट्या, पऱ्हाट्या कुट्टी करून पसरायच्या माघ-फाल्गुनात. उकिरडा उलटायचा हिवाळ्यात. समतल चर खोदायचे उन्हाळ्याच्या आत. जे जे काम मातीसाठी सांगता, ते सगळं त्या पाच महिन्यांत येतं, आणि तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतात. पाडव्याला परत येतो तेव्हा हाती दोन महिने उरतात. रान रिकामं, धसकटं उभी, अंगात त्राण नाही. मग काडी पेटवायची, ट्रॅक्टर बोलवायचा, रोटाव्हेटर मारायचा, पावसाची वाट बघायची. माती बिघडते ती आमच्या अज्ञानानं, असं शिबिरात सांगतात तेव्हा मला हेच म्हणायचं असतं. आम्हाला माहीत आहे. आम्ही इथं नसतो.

(दोघांचं हे बोलणं मांडताना मला इथंच थांबावंसं वाटलं. मातीच्या धुपेबद्दल आपण उतार, पाऊस आणि नांगर यांच्या भाषेत बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण कोरडवाहू बीडमध्ये या तिन्हींच्या जोडीला स्थलांतराचं वेळापत्रक मांडल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, आणि मृदसंधारणाच्या आराखड्यात ते वेळापत्रक मला कुठं दिसत नाही.)

आग्रही : तू म्हणतोस ते ऐकताना मला बहात्तर साल वेगळं दिसायला लागलं. आम्ही ताली घालू शकलो, कारण हात गावातच होते आणि मजुरी गावातच मिळत होती. दुष्काळ नसता तर तेही झालं नसतं. पण म्हणूनच मी आता बांधापेक्षा बिननांगरणीच्या शेतीकडं वळलोय, कारण तिला हात कमी लागतात. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी वर्षानुवर्षं रान न नांगरता, तणाला आणि पिकाच्या मुळांना जागेवरच कुजू देऊन पिकं घेतली आणि त्यावर लिहिलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातासाठी एसआरटी बसवलं : गादीवाफे एकदाच पाडायचे, पीक बुडाशी कापायचं, मुळं जमिनीतच ठेवायची, पुढचं बी त्याच वाफ्यावर टोकायचं. तीच पद्धत पुढं सोयाबीन, हरभरा, कापसापर्यंत आली. मुळं कुजली, की जागेवर बारीक नळ्या राहतात. गांडूळ त्यांतून वर-खाली करतं, पाणी त्यांतून मुरतं. आणि आपल्या काळ्या मातीला तर निसर्गानंच उन्हाळ्यात भेगा देऊन खोल मोकळं करायची सोय दिली आहे. नांगरटीचा खर्च वाचतो, ट्रॅक्टरची वाट बघावी लागत नाही. तू पाच महिने बाहेर असलास तरी मुळं आपलं काम करत राहतात. काम कमी करून माती सुधारते, असं कधी नव्हे ते झालंय. तू त्याला तरी नाही म्हणू नकोस.

साशंक : नाही म्हणत नाही. पण तुम्ही सांगता त्या रानाला कुंपण आहे आणि मालक हजर आहे. आपल्याकडं सुगी झाली, की रान मोकळं होतं. मग कुणाचीही शेळी कुणाच्याही रानात चरते, ही पद्धत वाडवडिलांपासूनची आहे. मी वाफ्यावर काडी ठेवून उसाला गेलो, तर दिवाळीनंतर महिनाभरात शेळ्या ती साफ करतील. आणि त्यांना हाकलायचं कुणी? ज्यांच्याकडं गुंठाभर जमीन नाही, अशा घरांचं पोट त्या चार-पाच शेळ्यांवर आहे. मी माझ्या मातीसाठी काडी राखली, तर त्यांचा चारा गेला. सोयाबीनचं भुसकटही आता वाया जात नाही, ते जनावरांसाठी विकलं जातं. मातीच्या तोंडातला घास कुणाच्या तरी तोंडातून काढूनच द्यावा लागतो. दुसरं म्हणजे तण. नांगर नाही, खुरपायला बायका नाहीत, मग तणनाशक आलं. तुमच्या पद्धतीत तण कुजवून खत करायचं असतं, पण ते मारायला फवाराच लागतो. माती वाचवायची म्हणून नांगर सोडायचा आणि ग्लायफोसेट धरायचं, यात मातीला काय बरं वाटेल, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

आग्रही : तणनाशकाबद्दल मलाही स्वस्थता नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं वापरून पुढं कमी करता येतं, असं करणारे सांगतात. पण त्या ‘पुढं’वर मी आंधळा विश्वास ठेवत नाही. शेळ्यांचं मात्र उत्तर आपल्या डोंगरात आहे. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच मुरमाड बालाघाटाच्या जिवावर. बांधाच्या दोन्ही अंगांना दाट सीताफळ लाव, मध्ये गवत येऊ दे. बांध कोरायला फाळ पोचणार नाही, माती मुळांत अडेल, फळही मिळेल. दोन भाऊ मिळून लावतील तर कोर्टाचा खर्चही वाचेल.

साशंक : माझ्या चार एकरांत लावीन, त्यात वाद नाही. पण मी कसतो सात एकर. तीन एकर ठोक्यानं केलेले. मालक पुण्यात असतो. दर गुढीपाडव्याला फोन करतो, रक्कम ठरते, बोली एका वर्षाची, कागद काही नाही. पुढच्या वर्षी ते रान माझ्याकडं असेल की नाही, मला माहीत नाही. त्या तीन एकरांत मी शेणखत टाकीन का? गाळ टाकीन का? सीताफळ लावीन का? त्या रानातून एका वर्षात जेवढं निघेल तेवढं मी काढतो, हे तुमच्यासमोर कबूल करायला मला लाज वाटत नाही, कारण दुसरा मार्ग नाही. मी त्यांना म्हटलं, पाच वर्षांसाठी द्या, लिहून द्या, मी बांध घालतो. ते म्हणाले, कूळ लागेल. हैदराबादचा १९५० चा कूळ कायदा कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून आला, आणि त्यानं अनेकांच्या घरी चूल पेटवली. आज त्याच कायद्याच्या धाकानं कुणी दोन ओळी लिहून द्यायला तयार नाही. गावात अशी रानं वाढत चालली आहेत; मालक शहरात, कसणारा वर्षाच्या बोलीवर. मृदा आरोग्य पत्रिकेवर नाव मालकाचं येतं.

आग्रही : या तीन एकरांपुढं माझ्या सगळ्या तालींचं चालत नाही, हे मान्य. पण मग मागच्या सप्टेंबरची गोष्ट घे. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात जो पाऊस झाला, सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा ज्या तऱ्हेनं वाहिल्या, त्यात नदीकाठची रानंच्या रानं खरडून गेली. खाली दगड उघडे पडले. ऑक्टोबरात सरकारनं मदत जाहीर केली : खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी सत्तेचाळीस हजार रोख आणि माती आणून टाकायला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत. मी ती बातमी दोनदा वाचली. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, की मातीला मोल आहे. इथं सरकारनं ते आकड्यात लिहिलं. साडेतीन लाखांच्या घरात.

साशंक : लिहिलं, पण माती गेल्यावर. एका रात्रीत फूटभर गेली तर पंचनामा होतो. दरवर्षी एक मिलिमीटर गेली तर तलाठी येत नाही. तुमच्या हिशेबानं तर आपल्या वरच्या रानांचा पंचनामा पन्नास वर्षांपासून राहिलाय. काका, आता माझं म्हणणं सरळ मांडतो. इथल्या पठारावरचं पाणी उत्तरेला उतरलं तर बिंदुसरेतून सिंदफणेला जातं, दक्षिणेला उतरलं तर मांजरेला. धनेगावच्या धरणात लातूरचं पाणी साठतं. २०१६ साली त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. मी माझ्या रानात माती थोपवली तर त्या धरणांत गाळ कमी जातो, फायदा शहराचा. पुढच्या पिढीचं रान टिकतं, फायदा नातवाचा. पुण्याच्या मालकाच्या जमिनीची किंमत टिकते, फायदा त्याचा. खर्च आणि श्रम मात्र माझे, आणि तेही या वर्षाच्या सोयाबीनमधून, ज्याला बाजारात हमीभावही धड मिळत नाही. मुकादम मला दसऱ्याला गाव सोडायचे आगाऊ पैसे देतो. गावात राहून माती राखायचे पैसे कुणी देत असेल तर मी आणि माझी बायको कोयता खाली ठेवू. अनुदानाचं मागणं नाही हे. मजुरी मागतोय.

आग्रही : इथं मात्र माझं मन अडतं. आपली जमीन आपण राखायची, त्याला मजुरी कसली, असं आतून येतं. पण ते बाजूला ठेवतो, कारण तीन एकर तुझे नाहीत आणि धरण तर नाहीच नाही. माझी खरी भीती वेगळी आहे. मी खात्यात तीस वर्षं काढली. पैसा कामाच्या मापावर येतो. किती घनमीटर खोदलं, किती मीटर बांध घातला, हे टेपानं मोजता येतं, म्हणून खोदकाम होतं. मग हातांच्या जागी जेसीबी येतो, मापं पुस्तकात भरली जातात आणि पुढच्या पावसाळ्यात बांध दिसत नाही. राखलेली माती मोजणार कशी? कर्ब एका वर्षात मोजण्याइतका हलत नाही, ते तूच आत्ता सांगितलंस. जे मोजता येत नाही त्याची मजुरी देऊ केली, तर ती मातीपर्यंत पोचायच्या आधी दुसरीकडंच मुरेल.

साशंक : मग माती मोजू नका, झाकण मोजा. तुम्हीच म्हणालात, झाकणाचा हट्ट. मे महिन्याच्या शेवटी रान बघायला या. काडी, गवत, धसकट, हिरवळ, काहीही असो, रान झाकलेलं आहे की उघडं, हे कुणालाही बांधावर उभं राहून दिसतं. त्याला टेप लागत नाही, जेसीबीनं ते होत नाही, आणि पाच महिने गावात कुणीतरी असल्याशिवाय ते टिकतही नाही. जो कसतो त्याला ती मजुरी, सातबारा कुणाचाही असो.

आग्रही : सातबारा कुणाचाही असो म्हणालास, की मालक ती मजुरी ठोक्याच्या रकमेत धरून पुढच्या पाडव्याला भाव वाढवील. कसणाऱ्याचं नाव नोंदवायला गेलास, तर तुझ्या हातून तेवढंही रान काढून घेईल. जो रान पडीक टाकून शहरात बसलाय, त्याच्या रानात गवत आपोआप वाढतं. सगळ्यात चांगलं झाकण त्याचंच भरेल. आणि शेळीवाल्यांचं काय? तू स्वतःच म्हणालास, काडी राखली, की त्यांचा चारा जातो. राखणीला मजुरी लागली, की आज सुगीनंतर मोकळं होणारं रान उद्या मोकळं होणार नाही. मग भूमिहीन घर शेळ्या विकून तुझ्या जागी उसाला जाईल.

साशंक : त्यांच्यासाठी गायरानात चारा राखायला हवा आणि ती राखणही त्याच मजुरीत धरायला हवी. पण गायरानावर आज कुणाकुणाचा ताबा आहे, ते ग्रामसभेत बोलून बघा. तिथून पुढं मलाही रस्ता दिसत नाही.

आग्रही : तुझ्या चार एकरांपैकी एका एकरात या खरिपाला गादीवाफे पाडू. बी मी देतो, टोकायला मी येतो. काडी दिवाळीनंतर तशीच ठेवायची.

साशंक : पाडू. पण उचल मी जूनमध्येच घेतोय, पोरीच्या ॲडमिशनला पैसे लागणार आहेत. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत त्या एकराकडं तुम्हाला बघावं लागेल, आणि शेळ्या आल्या तर त्यांच्या मालकिणींशी बोलावंही तुम्हालाच लागेल.